पुटकुळ्यांची गोळी आणि दुधासारखं रक्त

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरात १५ ते २५ वयाची पोरं-पोरी आहेत त्यांनी तरी पूर्ण वाचा. बाकीच्यांनी निदान पुढं पाठवा.

गेल्या महिन्यात आपल्याकडं एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं रक्तदान शिबिर झालं. बॅनर, हार, भेट म्हणून टिफिन डबा, सगळं नेहमीसारखं. माझा भाचाही गेला. वय २१, पोलीस भरतीची तयारी चाललीय, रोज पहाटे पाचला ग्राउंडवर असतो. फॉर्मवर प्रश्न होता, सध्या कोणतं औषध चालू आहे का? त्यानं 'नाही'वर टिक केली.

दुसऱ्या दिवशी रक्तपेढीतल्या ओळखीच्या टेक्निशियनचा मला फोन. "भाऊ, तुमचा भाचा आहे म्हणून सांगतो. रक्त मशीनमध्ये फिरवलं की वरचं पाणी पिवळसर दिसतं. ह्याचं दुधासारखं पांढरं आलंय. एकदा तपासून घ्या."

भाचा म्हणाला, "मामा, शिबिराच्या आधी दोन वडापाव खाल्ले होते, त्याचंच असेल." असू शकतं. जेवणानंतर काही तास रक्तात चरबी जास्त असतेच. म्हणून त्याला १२ तास उपाशी ठेवून लिपिड प्रोफाइल केलं. ट्रायग्लिसराइड आलं ७३८. असायला पाहिजे १५० च्या आत.

ताई रडायलाच लागली. मी पोराला बाजूला घेतलं. दारू पितोस? नाही. जिमची पावडर? नाही. मग कसल्या गोळ्या? तेव्हा कुठं तोंड उघडलं. "औषध नाही मामा. पिंपल्सची गोळी घेतो फक्त."

ही सगळी पोस्ट त्या 'फक्त'बद्दल आहे.

त्या गोळीचं नाव आयसोट्रेटिनॉइन. अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध. मित्राला एका डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, त्या चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सॲपवर भाच्याकडं आला, भाच्यानं तो मेडिकलवाल्याला दाखवला, मेडिकलवाल्यानं स्ट्रिप काढून दिली. चिठ्ठीवर नाव दुसऱ्याचं, तारीख सहा महिन्यांपूर्वीची. चार महिने गोळ्या खाल्ल्या. मधेच मित्र म्हणाला २० नं लवकर फरक पडत नाही, ४० घे, म्हणून ४० चालू केली. ह्या चार महिन्यांत रक्ताचा एक थेंब कुणी तपासला नाही. घरात कुणाला शुगर आहे का, हेही कुणी विचारलं नाही. दाजींना सात वर्षं शुगर आहे आणि त्यांचंही ट्रायग्लिसराइड वाढलेलं असतं. म्हणजे हे पोर मुळातच जोखमीतलं. हे कळायला एका प्रश्नाचं काम होतं.

आता गैरसमज नको. ही गोळी विष नाही. उलट, पू भरलेल्या, गाठीच्या, चेहऱ्यावर खड्डे पाडणाऱ्या पुटकुळ्यांवर हिच्याइतकं गुणकारी औषध दुसरं नाही. अमेरिकेत ती १९८२ साली बाजारात आली, तेव्हापासून जगभर लाखो लोकांचे चेहरे हिनं सुधारलेत. चेहऱ्यामुळं कॉलेजला जायचं बंद केलेली मुलं मी पाहिलीत, त्यांच्यासाठी ही गोळी म्हणजे नवा जन्म असतो. हिचीच बहीण ॲसिट्रेटिन. ती सोरायसिसला देतात, जन्मापासून खवल्यासारखी कातडी असणाऱ्यांना देतात. तिचाही अनेकांना मोठा आधार आहे.

पण ही गोळी नुसती कातडीवर काम करत नाही. ती पोटात जाते, लिव्हरला भेटते आणि शरीरातल्या चरबीचा हिशोब बदलते. लिव्हर रक्तात जास्त चरबी सोडायला लागतं आणि रक्तातली चरबी उचलून नेणारी यंत्रणा मंदावते. आवक वाढली, जावक कमी झाली, की बाजार समितीच्या यार्डात कांदा साठतो तसं रक्तात ट्रायग्लिसराइड साठतं. ह्यात लपवाछपवी काही नाही. अमेरिकेतल्या मूळ माहितीपत्रकातच छापलंय की आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्यांत साधारण चारातल्या एकाचं ट्रायग्लिसराइड वाढतं, १५ टक्के लोकांचं चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल घटतं, ७ टक्क्यांचं एकूण कोलेस्टेरॉल वाढतं. ॲसिट्रेटिनमध्ये तर तीनातल्या दोघांचं ट्रायग्लिसराइड वाढतं.

बहुतेकांचं थोडंच वाढतं आणि गोळी थांबवली की खाली येतं. हे खरं आहे. पण काहींचं ५०० च्या वर जातं, आणि हजाराच्या पुढं गेलं की स्वादुपिंडाला सूज यायची भीती असते. ते दुखणं ज्यानं पाहिलंय त्याला विचारा. वरच्या पोटात कळ, ती पाठीत जाते, उलट्या थांबत नाहीत, सरळ ॲडमिट. त्यात माणूस दगावूही शकतो. असं क्वचित होतं, मान्य. पण वेळेत रक्त तपासलं तर बहुतेक वेळा आधीच कळतं, आणि राग त्याचाच आहे.

मी पत्रकार माणूस, गप्प बसवलं नाही. गेल्या आठवड्यात आपल्या गावातल्या पाच मेडिकलांत गेलो. चिठ्ठी नाही, काही नाही. "पिंपल्सची गोळी द्या, आयसोट्रेटिनॉइन." पाचातल्या चौघांनी दिली. एकानं तर विचारलं, "साहेब, दहाची का वीसची?" जणू लुंगी मागितली होती. फक्त एकानं मान हलवली. "चिठ्ठी आणा, स्किनच्या डॉक्टरची. आणि रक्त तपासलंय का ते बघा." त्याचं नाव लिहीत नाही, कारण मग उरलेल्या चौघांची नावं कळतील. पण दादा, तुम्ही वाचत असाल तर रामराम. गावात एक तरी दिवा चालू आहे.

हे औषध शेड्यूल एच मधलं आहे. म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. हे पाकिटावरच छापलेलं असतं. फार्मसी ॲक्ट १९४८ चं कलम ४२ सांगतं की औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनंच द्यायचं. आपल्याकडं किती दुकानांत सर्टिफिकेट भिंतीवर आणि फार्मासिस्ट दुसऱ्याच गावात असतो, हे सगळ्यांना माहितीये. काउंटरवर बारावी झालेलं पोर उभं असतं. त्याला का दोष द्यायचा? त्याला मालकानं शिकवलंय की गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही.

मेडिकलवाल्या मित्रांचं म्हणणं मला पाठ आहे. "आम्ही नाही दिली तर शेजारचा देतो." भावांनो, हेच वाक्य गुटखेवाला म्हणतो, वाळूवाला म्हणतो. तुम्ही त्या रांगेत उभं राहणार का? तुमच्या दुकानावर हिरवा क्रॉस आहे. त्याचा मान ठेवा.

आता डॉक्टरांकडं वळतो. राग आला तरी चालेल.

आपल्याकडं स्किनवाले डॉक्टर बाजाराच्या दिवशी शहरातून येतात. एका दुपारी ७०-८० पेशंट. प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं. त्यात गोळी लिहून होते, क्रीम लिहून होतं, साबणही लिहून होतो. रक्ताची चिठ्ठी मात्र राहते. विचारलं तर उत्तर येतं, "तरुण पोरं आहेत, काही होत नाही. आणि तपासण्या सांगितल्या की पेशंट पळतात."

पहिलं म्हणणं अर्धं खरं आहे. धडधाकट पोराची दर महिन्याला तपासणी करायची गरज नाही, हे अलीकडं बरेच तज्ज्ञ सांगतात. पण दर महिन्याला नको म्हणजे एकदाही नको असं नाही ना! गोळी चालू करायच्या आधी एकदा आणि चालू केल्यावर महिना-दोन महिन्यांनी एकदा. दोन्ही वेळा ठीक आलं आणि डोस वाढवला नाही, तर निश्चिंत राहा. वाढलेलं आलं तर पुढं लक्ष ठेवा. एवढंच मागणं आहे. दुसऱ्या म्हणण्याबद्दल सांगतो. लिपिड प्रोफाइल आपल्या गावातल्या लॅबमध्ये काही शे रुपयांत होतं. ढाब्यावर चार जण बसले की तेवढं बिल होतं. ज्याला तेही जमत नाही त्याच्यासाठी सरकारी दवाखाना आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार आणि तपासण्या मोफत केल्यात. पेशंटला 'का तपासायचं' हे एका वाक्यात सांगितलं तर तो पळत नाही. न सांगता चिठ्ठी फेकली तर पळतो, त्याला वाटतं कमिशनचा धंदा आहे. आणि असं वाटायला आपल्याकडं कारणंही भरपूर आहेत.

नीट केलं तर कसं होतं, त्याचं उदाहरण आपल्याच गल्लीत आहे. एक काका, वय ५८, शिवणकाम करतात, वीस वर्षांचा सोरायसिस. सोलापूरला सरकारी दवाखान्यात दाखवतात. तिथं ॲसिट्रेटिन चालू केलं, आधी रक्त तपासून. दीड महिन्यानं ट्रायग्लिसराइड ३८० आलं. डॉक्टरांनी गोळी बंद केली नाही आणि दुर्लक्षही केलं नाही. डोस २५ वरून १० वर आणला. विचारलं, दिवसात चहा किती? काका म्हणाले, आठ-नऊ, दुकानात बसलं की होतातच. प्रत्येक कपात दोन चमचे साखर धरा. चहा दोनवर आणला, तोही बिनसाखरेचा. रोज संध्याकाळी चालायला लावलं. महिन्यानं पुन्हा तपासलं, अजून जास्त होतं, तेव्हा फेनोफायब्रेट नावाची चरबीची गोळी जोडली. पुढच्या वेळी २०५. आज काकांचे हात बऱ्यापैकी साफ आहेत आणि रक्तही काबूत आहे. ह्याला उपचार म्हणतात. ह्यात कुठलं महागडं मशीन लागलं नाही. विचारणारा डॉक्टर लागला आणि ऐकणारा पेशंट लागला.

काकांच्या गोष्टीतली साखर लक्षात ठेवा, कारण इथं आपले लोक हमखास चुकतात. 'चरबी वाढली' म्हटलं की घरातलं तेल बंद होतं, शेंगदाणे बंद होतात. आणि साखर, शीतपेय, पॅकबंद ज्यूस, खारी, टोस्ट, गुलाबजाम तसेच चालू राहतात. ट्रायग्लिसराइड सगळ्यात झपाट्यानं वाढतं ते साखरेनं, मैद्यानं आणि दारूनं. लिव्हर जादा साखरेची चरबी करून रक्तात सोडतं. म्हणून ही गोळी चालू असताना दारू पूर्ण बंद, गोड अगदी कमी, वजन जास्त असेल तर ते उतरवायचं, रोज घाम येईल इतकं चालायचं. तळलेलं कमी करा, पण तेवढ्यावर समाधान मानू नका.

ह्याच्या उलट दुसरी गंमत. आयसोट्रेटिनॉइन जेवणासोबत, थोड्या स्निग्ध पदार्थासोबत घ्यायची असते, नाहीतर ती नीट अंगी लागत नाही. हे ऐकून एका पोरानं रोज गोळीसोबत भजी खाल्ली! अरे बाबा, भाकरीवर चमचाभर तूप किंवा शेंगदाण्याची चटणी पुरते. जवसाची चटणीही चांगली, खा. पण जवसानं ७३८ चं १५० होत नाही. घरगुती उपायाला घरगुतीच मान द्यावा.

आकडे किती आले की काय करायचं, हे ढोबळ सांगतो. निर्णय डॉक्टरचाच. २००-३०० पर्यंत असेल तर खाणंपिणं सुधारून पुन्हा तपासतात. ३०० ते ५०० मध्ये डोस कमी करायचा विचार होतो. ५०० च्या वर गेलं की प्रकरण गंभीर, डोस बराच उतरवतात किंवा गोळी थांबवतात, चरबीची गोळी जोडतात. ८०० च्या पुढं गोळी बंद. तपासणीला जाताना १० ते १२ तास उपाशी, पाणी चालतं, आणि आधीचे दोन दिवस दारूचा थेंब नाही. आणि कृपा करून ती फेनोफायब्रेटही मेडिकलातून स्वतःच आणू नका. एक चूक झाकायला दुसरी स्ट्रिप नको. अ जीवनसत्त्वाच्या वेगळ्या गोळ्याही घेऊ नका, कारण ही गोळी त्याच कुळातली आहे.

आता चरबीपेक्षाही मोठी गोष्ट. मुलींच्या आई-वडिलांनी थांबून वाचा. लग्न ठरलं की चेहरा नितळ करायला ही गोळी आपल्याकडं सर्रास घेतली जाते. पार्लरमधून नाव सांगितलं जातं, मेडिकलातून मिळते. ह्या गोळीवर असताना दिवस गेले तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. आयसोट्रेटिनॉइन थांबवल्यावर एक महिना आणि ॲसिट्रेटिन थांबवल्यावर तीन वर्षं दिवस राहू द्यायचे नसतात. तीन महिने नाही, तीन वर्षं. म्हणून मूल व्हायचं असलेल्या वयाच्या बाईला ॲसिट्रेटिन शक्यतो देतच नाहीत. अमेरिकेत २००६ पासून 'आयप्लेज' नावाची नोंदणी सक्तीची आहे. डॉक्टर, पेशंट, दुकानदार तिघांची नोंद झाल्याशिवाय गोळी मिळत नाही, आणि मिळते तीही ३० दिवसांचीच. आणि आपल्याकडं "दहाची का वीसची?"

ह्याच कारणामुळं ही गोळी घेणाऱ्यानं रक्तदान करायचं नसतं. ते रक्त एखाद्या गरोदर बाईला चढू शकतं. माझ्या भाच्याची पिशवी फेकून द्यावी लागली. कुणाच्या तरी कामी येणारं रक्त वाया गेलं, कारण २१ वर्षांच्या शिकलेल्या पोराला आपण औषध खातोय हेच माहीत नव्हतं. त्याची चूक आहेच. पण त्याला ते सांगायचं काम ज्यांचं होतं त्यांनी काय केलं?

आणि आता माझी चूक. लपवत नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या पुरवणीत एका स्किन क्लिनिकची अर्ध्या पानाची जाहिरात आली होती. 'नितळ चेहरा, ९० दिवसांत'. ती जाहिरात मी आणली होती. तालुक्याच्या बातमीदाराचं पोट पगारावर कमी आणि जाहिरातीच्या कमिशनवर जास्त चालतं, हे तुम्हाला माहीत आहे. तिथं कोण बसतं, त्याची डिग्री कसली, ९० दिवस काय खायला देतात, मी एक प्रश्न विचारला नाही. इतरांना प्रश्न विचारणं माझा धंदा, आणि जाहिरातीच्या वेळी माझी जीभ उचलली नाही. ताईनं मला तेच ऐकवलं. "दादा, तुझ्या पेपरात बघूनच पोरं असल्या गोळ्यांच्या मागं लागतात." उत्तर नव्हतं. अशी जाहिरात मी पुन्हा आणणार नाही. हे इथं लिहून ठेवतो, कुणी पाहिली तर माझ्या तोंडावर मारा.

भाच्याचं काय झालं? गोळी बंद केली. शीतपेय बंद, साखर बंद, पळणं चालूच होतं. सहा आठवड्यांनी ट्रायग्लिसराइड १६८. पोट दुखलं नाही, ॲडमिट व्हावं लागलं नाही, नशीब. आता त्याला शहरातल्या चर्मरोगतज्ज्ञाकडं नेलंय. त्यांनी वडिलांची शुगर विचारली, जुने रिपोर्ट पाहिले, आणि पुटकुळ्या परत आल्या तर कमी डोसवर, रक्त तपासत तीच गोळी देता येईल म्हणाले. तीच गोळी, पण ह्या वेळी मोजून-मापून.

मागण्या थोड्याच आहेत.

अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाला: वर्षातून एकदा येऊन चहा पिऊन जाऊ नका. शेड्यूल एचची बिलं आणि चिठ्ठ्या जुळवून बघा. मी लेखी अर्ज देतोय, पोच इथंच टाकीन.

केमिस्ट संघटनेला: बैठकीत हा विषय घ्या. फार्मासिस्ट दुकानात बसवा.

डॉक्टरांना: दोन रक्ततपासण्या, एक घरच्या आजारांचा प्रश्न, मुलींना गरोदरपणाची स्पष्ट सूचना. तीन मिनिटांत बसतं सगळं.

शिबिरं भरवणाऱ्या नेत्यांना: टिफिन डब्याआधी फॉर्म समजावून सांगणारा एक माणूस ठेवा.

आणि तुम्हाला: आज रात्री पोरांच्या टेबलाचा खण बघा. रागवू नका, विचारा. गोळी सापडली तर भीतीनं फेकूही नका, डॉक्टरकडं जा आणि तीन गोष्टी विचारा. ही गोळी माझ्यासाठीच लिहिलीय का? रक्त कधी तपासायचं? आकडा वाढला तर काय करायचं? गोळीनं त्रास झाला असेल तर भारतीय औषधकोश आयोगाचा मोफत नंबर आहे, १८००-१८०-३०२४. तिथं कळवा, तुमची नोंद होते.

ज्यांना ही पोस्ट त्यांच्यावर लिहिलीय असं वाटतंय, त्यांना बहुतेक बरोबरच वाटतंय. फोन करून दम देण्यापेक्षा खाली कमेंटमध्ये बोला, सगळ्यांसमोर. मी इथंच आहे, स्टँडसमोरच्या टपरीवर. चहा बिनसाखरेचा सांगतो हल्ली.